तीच चूक, बारा वेळा

माझा पुतण्या नेरला सुतारकाम करतो. काही वर्षांपूर्वी बँकेचे कर्ज काढून त्याने सीएनसी राउटर घेतला. संगणकात नक्षी आणि मापे भरायची, की मशीनचे फिरते पाते लाकूड कापते, कोरते. पहिली मोठी ऑर्डर मिळाली बारा दारांची. बाराही पल्ले हुबेहूब सारखे निघाले. पण चौकटीला लावून पाहिले, तर प्रत्येक पल्ला सहा मिलिमीटर आखूड! सागवान वाया गेले आणि बँकेचा हप्ता तर तोंडावर आलेला.

"काकाजी, मशीन बाराही वेळा सारखंच कापते, मग चुकते कशी जी?"

मी इतिहासाचा मास्तर, यंत्रातले मला काय कळणार! पण हा प्रश्न मला ओळखीचा वाटला. तो दोनशे वर्षांपूर्वी आपल्याच भागातून गेलेला आहे.

नेरच्या पूर्वेला, वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला विल्यम लॅम्ब्टन यांची कबर आहे. २० जानेवारी १८२३ रोजी ते तिथेच वारले. भारताची त्रिकोणमितीय मोजणी त्यांनी १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सुरू केली. ती ७८ रेखांशाच्या आसपासने उत्तरेकडे सरकत वऱ्हाडापर्यंत आली.

या कामात आधी जमिनीवर एक सरळ पायारेषा मोजायची. पुढचे सारे त्रिकोण तिच्यावर उभे राहायचे. मद्रासची पायारेषा सुमारे साडेसात मैलांची होती. मोजायला १०० फुटी पोलादी साखळी, तीत अडीच-अडीच फुटांचे ४० दांडे. म्हणजे ती जवळजवळ चारशे वेळा मांडायची. आता समजा, वापरून वापरून साखळी इंचाच्या दहाव्या भागाने लांबली. चूक दर वेळी तेवढीच आणि त्याच बाजूला. चारशे वेळांत ती ४० इंच होते! पुन्हा मोजले तरी उत्तर तेच येणार, आणि उत्तर जुळले म्हणून माणूस निश्चिंत होणार.

म्हणून लॅम्ब्टन यांनी दुसरी साखळी जवळ ठेवली. ती मोजणीला वापरायची नाही. कामाची साखळी फक्त तिच्याशी ताडून पाहायची. उन्हाने पोलाद वाढते, म्हणून तापमानही टिपले जाई. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी, १८१५ साली साखळीने मोजलेली बीदरची रेषा १८४१ साली लोखंड-पितळेच्या जोडपट्ट्यांनी पुन्हा मोजून घेतली. साधनच बदलले, तेव्हा आधीच्या साधनाची खरी परीक्षा झाली.

१९५२ साली अमेरिकेत एमआयटी संस्थेने आकड्यांच्या हुकमावर चालणारे पहिले मिलिंग यंत्र दाखवले. त्याला हुकूम मिळत ते भोके पाडलेल्या कागदी फितीवरून. आजचा राउटर त्याच कुळातला. पण साखळीचा नियम त्यालाही चुकलेला नाही. पुन्हा त्याच जागी येणे हे सातत्य; योग्य जागी येणे ही अचूकता.

आम्ही पोलादी पट्टी आणली. २००० मिलिमीटर सांगितले की मशीन १९९४ जाई, दर वेळी. एका मिलिमीटरला मोटरने किती पावले टाकायची, तो आकडाच चुकीचा भरलेला होता. तो सुधारला, काम भागले. स्क्रू ढिला असता, तर चूक दर वेळी वेगळी आली असती आणि आकडा बदलून काही उपयोग झाला नसता.

ती पट्टी आता दुकानात खिळ्याला टांगलेली असते. कामाला तिला कुणी हात लावायचा नाही, अगदी काकाजींनीही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)