हयातीचा दाखला : परदेशी उतारवयाचा एक इतिहास

'हयातीचा दाखला' हा शब्दप्रयोग मराठी घरांना परका नाही. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकाने आपण जिवंत असल्याचे सरकारला पटवून द्यायचे, ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की त्यातला विनोद आता जाणवत नाही आणि त्यातले कारुण्यही. २०१४ पासून 'जीवन प्रमाण'ची डिजिटल सोय झाली, बोटाचा ठसा पुरू लागला, तरी मूळ अट तीच राहिली. माणूस समोर खुर्चीत बसलेला असला, तरी नोंद होईपर्यंत त्याचे असणे अधांतरीच.

ही अट आम्हांला या लेखात दूरच्या मुलखात नेऊन पाहायची आहे. स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर उतारवय काढणाऱ्या ब्रिटिश निवृत्तांनाही असा दाखला द्यावा लागतो. ब्रिटनच्या पेन्शन खात्याकडून वेळोवेळी फॉर्म येतो. त्यावर डॉक्टर, वकील अशा कुणा मान्य साक्षीदाराची सही घ्यावी लागते. फॉर्म मुदतीत परत पोहोचला नाही तर पेन्शन थांबू शकते. फॉर्म एका भाषेतला, साक्षीदार दुसऱ्या भाषेतला, आणि टपाल दोन्ही देशांच्या मर्जीवर. अशा गाऱ्हाण्यांना सहसा रिकामटेकड्यांची कुरकुर म्हणून बाजूला सारले जाते. उन्हात बसून वाइन पिणाऱ्यांनी रांगेबद्दल काय तक्रार करावी, असा त्यामागचा सूर असतो. आम्हांला मात्र असे वाटते, की परदेशातल्या निवृत्ताचे सुख दोन राज्यांच्या कायद्यांतल्या आणि चलनांतल्या फरकावर उभे असते, आणि त्याची रोजची कटकट हा फरक नेमका कुठे उसवतो ते दाखवते. म्हणून ती इतिहासाचे साधन ठरते.

कटकटीला साहित्यात जुने स्थान आहे. मारिआनो होसे दे लार्रा या स्पॅनिश निबंधकाराने १८३३ मध्ये 'या उद्या' अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक निबंध लिहिला. त्यात मस्य सां-देले, म्हणजे 'श्रीयुत बिनविलंब', हा फ्रेंच गृहस्थ काही घरगुती दाव्याचे काम आणि भांडवल गुंतवण्याचा बेत घेऊन माद्रिदला येतो. पंधरा दिवसांत सारे आटोपेल असा त्याचा हिशेब. सहा महिने त्याला जो तो उद्या यायला सांगतो आणि अखेर तो हात हलवत परत जातो. लार्राचा रोख परकीयावर नाही, आपल्याच समाजाच्या आळसावर आहे. शेवटी तर निबंधकार स्वतःलाही त्या आळशांत मोजतो. आजही स्पेनमध्ये 'गेस्तोर' नावाचा व्यावसायिक असतो. सरकारी फॉर्म भरणे, रांगा लावणे, शिक्के मिळवणे हे त्याचे काम, आणि परक्यांप्रमाणेच खुद्द स्पॅनिश लोकही त्याला पैसे देऊन हे करून घेतात. आपल्याकडे आरटीओबाहेर बसणाऱ्या एजंटाची आठवण व्हावी, पण गेस्तोरच्या दारावर रीतसर पाटी असते.

मस्य सां-देले परत जाऊ शकला, कारण तो व्यवहारासाठी आला होता. विसाव्या शतकात आलेले ब्रिटिश मरेपर्यंत राहायला आले. ते कसे आले, याचे उत्तर हवामानापेक्षा अर्थकारणात अधिक आहे. ऊन तर तेथे पूर्वीही होते. १९५९ मध्ये फ्रँकोच्या राजवटीने स्थिरीकरण योजना आणली, डॉलरला ६० पेसेता असा दर ठरवून चलनाचे अवमूल्यन केले आणि परकी पैशाला दार उघडले. उत्तरेकडच्या पगारदाराला स्पेन एकदम स्वस्त झाला. दुसऱ्या टोकाला मात्र ब्रिटनचे दार अर्धवटच उघडे होते. १९६६ पासून १९७० च्या आरंभापर्यंत स्टर्लिंग विभागाबाहेर सहलीला जाणाऱ्यास वर्षाला माणशी ५० पौंडच नेता येत. परदेशात घर घ्यायचे तर विनिमय नियंत्रणाचा जाच होता. ही नियंत्रणे १९७९ च्या ऑक्टोबरात उठली. १९८६ च्या १ जानेवारीला स्पेन युरोपीय समुदायात आला आणि निवृत्तांसाठी चित्र पुरे झाले. पेन्शन लंडनची, दवाखाना स्पेनचा, आणि दवाखान्याचा खर्च ब्रिटनने स्पेनला भरून द्यायचा. आधी ई-१२१ आणि २०१० पासून एस-१ या नावाने ओळखला जाणारा एक फॉर्म हा त्या साऱ्या व्यवस्थेचा खिळा होता.

याच काळात इंग्रजीत एक वाङ्मयप्रकार फोफावला. पीटर मेल यांचे 'अ इयर इन प्रोव्हान्स' हे पुस्तक १९८९ चे. मेल पेन्शनर नव्हते आणि त्यांचे घर फ्रान्समध्ये होते, पण साचा त्यांनी पाडला. जुने घर घ्यायचे, गवंड्याने व नळवाल्याने दिवस चुकवायचे, थंडीने हैराण व्हायचे आणि वर्षाअखेरीस सगळ्यांनी मिळून जेवायचे. या प्रकारच्या पुस्तकांत गैरसोय ही विनोदाची सामग्री असते आणि स्थानिक माणूस मिश्कील, बेभरवशाचा पण मनाने चांगला असतो. लार्राने स्वतःवर उगारलेला आसूड येथे पाहुण्याच्या हातातले खेळणे होतो. आमचा आक्षेप त्या विनोदाला नाही. त्यातल्या एका गृहीताकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो : सांगणारा धडधाकट आहे, गाडी चालवतो, जोडीदार सोबत आहे, आणि गवंडी उद्या नाही तर परवा येणार आहे. यांतले एकेक गृहीत काढून घेतले की तोच प्रसंग विनोदी राहत नाही.

घराचेच घ्या. व्हॅलेन्सिया प्रांतात १९९४ मध्ये नगरविकासाचा असा कायदा झाला, की जमिनीची मालकी नसलेला विकासकही एखाद्या टापूची योजना मांडू शके. योजना मंजूर झाली की त्या टापूतल्या घरमालकांना जमिनीचा काही भाग सोडून द्यावा लागे, शिवाय रस्ते, गटारे व दिवे यांच्या खर्चाचा वाटाही भरावा लागे. झळ स्पॅनिश शेतकऱ्यांनाही बसली, परंतु परकी निवृत्तांचे दुखणे वेगळे होते. नोटीस समजून घ्यायलाच त्यांची मुदत संपे. तक्रारी युरोपीय संसदेच्या याचिका समितीपर्यंत गेल्या; २००५ मध्ये फुर्तू आणि २००९ मध्ये आउकेन यांच्या नावाने ओळखले जाणारे कडक अहवाल संसदेने स्वीकारले. दरम्यान २००८ च्या जानेवारीत आल्मेरिया प्रांतातल्या व्हेरा गावी एका निवृत्त ब्रिटिश दांपत्याचे घर बुलडोझरने पाडले गेले. बांधकामाला गावच्या नगरपालिकेने परवानगी दिली होती. प्रादेशिक सरकारच्या आक्षेपावरून ती रद्द ठरली. सरकारी शिक्का खोटा नव्हता, पण त्याहून वरचा शिक्का त्याला मानत नव्हता. आयुष्याची पुंजी घातलेल्या माणसाला हा भेद कळतो तेव्हा त्याचे वय पुन्हा कमवण्याचे उरलेले नसते.

पेन्शनची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. ब्रिटिश सरकारी पेन्शन दरवर्षी वाढते. परंतु परदेशी राहणाऱ्यांसाठी ती वाढ तो देश कोणता यावर ठरते. स्पेनमध्ये वाढते, अमेरिकेत वाढते, फिलिपीन्समध्येही वाढते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि आपला भारत येथे ती गोठते. नायगाराच्या एका काठावरच्या पेन्शनरला वाढ मिळते, समोरच्या काठावरच्याला नाही. ॲनेट कार्सन यांनी या भेदाला न्यायालयात आव्हान दिले. त्या १९८९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झाल्या होत्या, वर्गणी पुरी भरलेली होती. २००० मध्ये सुरू झालेली त्यांची मूळ पेन्शन आठवड्याला ६७.५० पौंडांवर थांबली. २००५ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने आणि २०१० मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने ११ विरुद्ध ६ मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. न्यायालयाचा युक्तिवाद विचार करण्याजोगा आहे. वर्गणी म्हणजे व्यक्तीने साठवलेली ठेव नाही आणि परदेशी राहणाऱ्याची तुलना मायदेशी राहणाऱ्याशी होत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे सुसंगत असेल. पण चाळीस वर्षे पगारातून कापले गेलेले पैसे आपले आहेत, अशी ज्याची समजूत असते त्याला ही सुसंगती कशी पचावी?

येथे पॉल स्कॉट यांच्या 'स्टेइंग ऑन' या कादंबरीची आठवण अपरिहार्य आहे. १९७७ मध्ये तिला बुकर पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी स्कॉट वारले. स्वातंत्र्यानंतर भारतात मागे राहिलेले निवृत्त कर्नल टस्कर स्मॉली आणि त्यांची पत्नी लूसी पानकोट या काल्पनिक थंड हवेच्या ठिकाणी एका हॉटेलच्या आवारात भाड्याने राहतात. राज्यकर्त्यांच्या जातीतली ही माणसे आता भाडेकरू आहेत, आणि मालकीणबाईंचे जागा सोडण्याचे पत्र टस्करच्या मृत्यूचे निमित्त होते. आपल्याकडे या कादंबरीची चर्चा बहुधा साम्राज्याची संध्याकाळ म्हणून होते. आम्हांला तिच्यातला हिशेब अधिक महत्त्वाचा वाटतो. आपण गेलो तर लूसीला काय मिळेल, हे टस्कर तिच्या आग्रहावरून एका पत्रात मांडतो. पत्र जमाखर्चाचे, पण लूसीच्या लेखी तेच नवऱ्याकडून मिळालेले एकमेव प्रेमपत्र ठरते. परदेशातल्या म्हातारपणात प्रेमाची भाषा विधवेच्या उत्पन्नाची भाषा होऊन जाते, हे स्कॉट यांनी मेल यांच्या पुस्तकाच्या बारा वर्षे आधी दाखवले होते. मागाहून फोफावलेल्या प्रोव्हान्सी विनोदाला ते मुळी दिसलेच नाही.

स्पेनमधल्या लूसींची संख्या काही थोडी नाही. जोडीदार गेला की त्याचे बँक खाते वारसाची कागदपत्रे होईपर्यंत अडकते. इस्पितळात रुग्णाजवळ नातेवाईक बसेल हे तिथली व्यवस्था बरेचदा गृहीत धरते. आपल्याला यात नवल वाटणार नाही, पण ज्याची मुले मँचेस्टरला आहेत त्याने काय करावे? परावलंबी वृद्धांसाठी स्पेनने २००६ मध्ये चांगला कायदा केला. त्याचा लाभ घ्यायचा तर पाच वर्षांचे वास्तव्य लागते, त्यांपैकी दोन अर्जाच्या लगेच आधीची. अनेक परकी निवृत्तांनी नगरपालिकेच्या वहीत नावच नोंदवलेले नसते. येथे दोष एकतर्फी नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. नगरपालिकेला मिळणारा निधी त्या वहीतल्या लोकसंख्येवर ठरतो. नाव न लावणारा शेजारी रस्ता, पाणी, दिवाबत्ती वापरतो आणि गावाच्या हिशेबात मात्र नसतो. स्वतःला 'स्थलांतरित' न म्हणता 'एक्स्पॅट' म्हणवून घेण्याची चैन अशी महाग पडते. भाषा न शिकता वीस वर्षे काढता येतात. एकविसाव्या वर्षी रुग्णवाहिका बोलवायची वेळ येते.

२०१६ च्या सार्वमताने हे सारे उघडे पाडले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडणार की नाही, याची सर्वांत थेट झळ ज्यांना लागणार होती, त्यांतल्या पंधरा वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्यांना मतच नव्हते. संक्रमणकाळ २०२० च्या अखेरीस संपला. आधीपासून राहणाऱ्यांची पेन्शनवाढ आणि दवाखाना करारामुळे टिकला, पण कटकट नव्या जागी उगवली. १ मे २०२२ पासून १६ मार्च २०२३ पर्यंत स्पेनमधल्या रहिवाशांचे ब्रिटिश वाहन परवाने तेथे चालेनासे झाले. ज्यांनी आधीच परवाना बदलून घेतला नव्हता, त्यांच्या गाड्या दारात उभ्या राहिल्या. ऐन तारुण्यात ही गैरसोय असते. डोंगरउतारावरच्या, बस न जाणाऱ्या वसाहतीत ऐंशीच्या घरातल्या माणसासाठी ते दवाखान्यापासून तुटणे असते.

मताचा प्रश्न पुढे सुटला, आणि तो ज्या प्रकारे सुटला तेही सांगण्याजोगे आहे. हॅरी शिंडलर हे दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेले ब्रिटिश सैनिक १९८२ मध्ये निवृत्तीनंतर इटलीतच राहायला गेले. पंधरा वर्षांच्या नियमाविरुद्ध ते ब्रिटनमध्ये लढले, स्ट्रासबर्गला गेले, २०१३ मध्ये तेथे हरले, तरी थांबले नाहीत. नियम रद्द करणारा कायदा २०२२ मध्ये झाला आणि १६ जानेवारी २०२४ रोजी अमलात आला. शिंडलर २०२३ च्या फेब्रुवारीत, १०१ व्या वर्षी, वारले होते.

लार्राचा निबंध, मेल यांचे पुस्तक आणि स्कॉट यांची कादंबरी वर्गात एकत्र ठेवून वाचता येतील असे आम्हांला वाटते. तिन्हींत माणूस कुणाच्या तरी सहीसाठी थांबलेला आहे. पहिला कंटाळून घरी जातो, दुसरा हसून पुस्तक लिहितो. लूसीला जायला घर नाही आणि तिचे हसे कुणी लिहून ठेवणार नाही. तिने रात्री एकटीने काय करायचे, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. थांबण्याच्या या तीन तऱ्हांत वयाचा, पैशाचा आणि हक्काचा वाटा किती, हे विद्यार्थ्यांनी मोजून पाहावे. मग टस्करचे ते हिशेबाचे पत्र पुन्हा वाचावे.