परांचीचे ऋण

मंदिराच्या शिखरावर कळस चढतो, तो आधी परांचीवर चढलेल्या हातांमुळे. पुढे कळस राहतो. परांची सोडली जाते आणि तिच्यावर उभे राहिलेले गवंडी-बिगारी विस्मृतीत जातात.

सन १९३३ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे गोल्डन गेट पुलाचे काम सुरू झाले. दहा लाख डॉलरच्या कामामागे एक बळी जायचाच, असा त्या काळचा ठोकताळा होता. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी शिरस्त्राणे सक्तीची केली व पुलाखाली जाळे बांधविले. त्या जाळ्याने १९ कामगारांचे प्राण वाचले. परंतु १७ फेब्रुवारी १९३७ रोजी परांचीच निखळून जाळ्यावर कोसळली, जाळे फाटले आणि १० जण प्राणास मुकले. जाळे असले तरी परांचीची मजबुती आधी, हाच त्यातला धडा.

आपल्या देशात १९९६ मध्ये बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. जबाबदार माणसाच्या देखरेखीशिवाय परांची बांधू वा सोडू नये, असे १९९८ च्या केंद्रीय नियमांत ठरले. पुढे हा कायदा २०२० च्या संहितेत समाविष्ट झाला.

नियम कागदावर असतात. हातात उतरतात ते शिकवणीने. किडका बांबू कसा ओळखावा, गाठ कशी आवळावी, फळी दोन्ही टोकांस कशी जखडावी, हे नवख्यास वर चढण्यापूर्वीच शिकविले पाहिजे. दात्यांच्या देणगीतील चार रुपये दोर, फळ्या व कठड्यास लागले, तर तेही दगडाइतकेच देवाच्या कामी आले असे समजावे.