चांद्याहून समुद्राकडे: नौकारोहणापूर्वींचा मुक्काम

प्रवासवृत्तें लिहिणारांची एक जुनी खोड आहे. आगबोट धक्क्यावरून हालली म्हणजे तेथून त्यांच्या लेखणीस पाणी चढतें. परंतु त्यापूर्वीं बंदराच्या शहरांत जे चार, आठ किंवा पंधरा दिवस काढावे लागले, त्यांची बोळवण ते बहुधा एका ओळींत करितात. वस्तुतः पैशाची शेवटची जमवाजमव, जातीची संमति अथवा विरोध, घरच्या निरवानिरवीचे कागद, हें सर्व या मुक्कामांतच उरकावें लागे. आणि मनुष्य कोठें उतरला, यावर त्यांतील पुष्कळ गोष्टी अवलंबून असत. प्रस्तुत लेखांत आम्हीं हा विषय चांद्याच्या अरण्यप्रांताच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या, बाजूनें पाहिला आहे. समुद्रापासून इतक्या दूरच्या मुलखाचा नौकारोहणाशीं संबंध काय, अशी शंका प्रथमदर्शनीं येईल. आमचें म्हणणें असें कीं, संबंध होता, आणि इ. स. १८७१ पर्यंत तो मुंबईपेक्षां पूर्व किनाऱ्याशींच जुळेल असा रंग दिसत होता.

नकाशावर एकदां दृष्टि टाकावी. वर्धा व वैनगंगा या दोन नद्या चपराळ्याजवळ मिळून प्राणहिता होते, ती दक्षिणेस वाहत जाऊन सिरोंचाजवळ गोदावरींत शिरते, आणि पलीकडच्या तीरावर काळेश्वराचें क्षेत्र आहे. पुढें सोमनूरजवळ इंद्रावती येऊन मिळते. अहेरीच्या जंगलांतील साग तराफे बांधून याच पाण्यावरून राजमहेंद्रीकडे जात असे. चांदा शहर हें या वाटेच्या अलीकडचें शेवटचें मोठें ठिकाण. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा या चार दरवाजांच्या आंत गोंड राजांची ही तटबंदी राजधानी वसलेली होती. चैत्रांत महाकालीच्या यात्रेस येणारे लोक झरपटेच्या कांठीं उतरत, व अद्यापहि उतरतात. येथून सिरोंचा शंभराहून अधिक मैल, आणि मधला सर्व मुलूख अरण्याचा. गाडी, बैल, धान्य, मीठ, औषध, जें काय घ्यावयाचें तें चांद्यासच घेणें शहाणपणाचें होतें.

इ. स. १८६० च्या तहानें निजामानें गोदावरीच्या डाव्या तीरावरील तालुके इंग्रजांस दिले, आणि त्यांचा अपर गोदावरी नांवाचा जिल्हा होऊन सिरोंचा हें त्याचें मुख्य ठाणें झालें. या उलाढालीच्या मुळाशीं नदी होती. धवळेश्वराचा बंधारा बांधणारे सर आर्थर कॉटन यांचें मत असें कीं, गोदावरी ही मध्य हिंदुस्थानची स्वाभाविक सडक असून तिच्यावर आगबोटी चालवितां येतील. कॅप्टन हेग यांजकडे काम सोंपविलें गेलें. अडचण खडकाळ अडसरांची होती: पहिला दुम्मागुडेमपाशीं, दुसरा इंचमपल्लीपाशीं आणि तिसरा वर प्राणहितेंत देवलमरीपाशीं. त्यांस वळसा घालून कालवे व झडपा बांधावयाच्या होत्या. इतक्यांत अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें (१८६१ ते १८६५), लँकेशायरच्या गिरण्या उपाशी बसल्या आणि हिंगणघाट-वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेम्पल यांनीं ही योजना जोरानें उचलून धरिली. कापूस वर्धा व प्राणहिता या नद्यांनीं गोदावरींत, आणि गोदावरीनें काकिनाड्यास, असा तो बेत होता.

बेत पार पडता तर चांद्याच्या मनुष्याचा नौकारोहणापूर्वींचा मुक्काम सिरोंचास पडता. तो कसा असता, याचा अंदाज नदीच्या स्वभावावरून बांधतां येतो. गोदावरीस आगबोट तरंगेल इतकें पाणी पावसाळ्यांत व त्यानंतर कांहीं महिनेच राहतें. उन्हाळ्यांत वाळूचे पट्टे उघडे पडतात. अर्थात् बोटीची तारीख कंपनीच्या पत्रकावर नव्हे, तर पाण्याच्या रेषेवर ठरावयाची. शिवाय प्रत्येक अडसरापाशीं उतरावें, सामान जमिनीवरून पलीकडे न्यावें आणि पुन्हा चढावें, हें काम कालवे पुरे होईपर्यंत चुकत नव्हतें. म्हणून आरोहण एक नव्हे, तीन. ज्या काळांत नदी भरलेली असे, त्याच काळांत जंगलांतील हिवताप ऐन भरांत असे. तेव्हां मुक्काम उंचवट्यावर, नदीपासून हाकेच्या अंतरावर, परंतु ओलीपासून दूर, असाच शोधावा लागता. सिरोंचास आज तेलुगु, मराठी व गोंडी या तिन्ही भाषा कानीं पडतात. हा त्या जुन्या रहदारीचाच एक पुरावा आम्ही समजतों.

ही योजना नदीनें नव्हे, तर आगगाडीनें बुडविली, असें आमचें मत आहे. इ. स. १८६७ मध्यें मुंबईचा लोहमार्ग नागपुरास पोंचला. कापसास कोरडी, बारमाही वाट मिळाल्यावर वर्षांतून कांहीं महिने चालणाऱ्या नदीवर लक्षावधि रुपये कोण घालणार? १८७१ मध्यें काम बंद झालें. १८७४ मध्यें अपर गोदावरी जिल्हाच मोडला. त्यांतील भद्राचलम् व रेकापल्ली मद्रासेकडे गेले, आणि सिरोंचा चांद्यास जोडला गेला. पुढें वरोऱ्याच्या कोळशासाठीं वर्धा-वरोरा फांटा झाला, तेव्हां चांद्याहून सुमारें तीस मैल बैलगाडीनें गेलें म्हणजे मनुष्य थेट बोरीबंदरच्या वाटेस लागूं लागला. चांद्याचा समुद्र पूर्वेचा पश्चिमेस गेला, तो असा.

बोरीबंदरास उतरलेल्या परमुलखी मनुष्यापुढें मुंबईत तीन वाटा असत. दक्षिणेस कोट. तेथें बिडाच्या सांगाड्यावर उभें केलेलें वॉटसनचें हॉटेल १८७१ पासून होतें, आणि १९०३ पासून समुद्राकांठीं ताजमहाल. बॅलार्ड पियर होण्यापूर्वीं विलायतेचे उतारू अपोलो बंदरावरून लहान बोटींत बसून मोठ्या बोटीवर जात, म्हणून ही जागा सोयीची. परंतु ती साहेबलोकांची व धनिकांची. दुसरी वाट क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूची. तेथें सरदारगृह होतें आणि हाजी साबू सिद्दीक यांच्या नांवाचा मुसाफिरखानाहि. तिसरी वाट गिरगांव-भुलेश्वराकडील: माधवबागेसारख्या धर्मशाळा, खाणावळी, आणि सर्वांत मोठा आधार म्हणजे कोणाच्या तरी चाळींतील खोली.

निवड भाड्यावर होत असे, असें सामान्यतः समजतात. आम्हांस तें तितकें पटत नाहीं. निवड चुलीवर होत असे. रघुनाथरावाचा वकील हनुमंतराव इ. स. १७८१ त लंडनास गेला, तेव्हां ब्राह्मणास स्वयंपाकास व स्नानास योग्य जागा मिळेना. शेवटीं एडमंड बर्क यानें आपल्या बीकन्सफील्डच्या बागेंतील कांचेचें घर त्यास दिलें, ही हकीकत प्रसिद्धच आहे. हनुमंतरावाची जी अडचण थेम्सच्या कांठीं, तीच शंभर वर्षांनंतर मुंबईच्या कोटांत. बोटीवर पुढें काय खावें लागेल तें लागो, निदान जमिनीवरचें शेवटचें अन्न आपल्या पद्धतीचें असावें, अशी इच्छा असे. लोकमान्य टिळक मुंबईस सरदारगृहांत उतरत. १९१८ च्या वसंतांत ते कोलंबोपर्यंत जाऊन परवाना रद्द झाल्यामुळें परत फिरले आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत मुंबईहून विलायतेस गेले. पुढें १ ऑगस्ट १९२० रोजीं त्यांचा अंत सरदारगृहांतच झाला.

चुलीइतकीच दुसरी गोष्ट म्हणजे जातीची नजर. १८८८ सालीं मोहनदास गांधी विलायतेस जाण्याकरितां मुंबईस आले. पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असतो, तेव्हां थांबावें, असा सल्ला मिळाल्यावरून बंधूंनीं त्यांस एका मित्राकडे ठेविलें व ते राजकोटास परतले. या थांबण्याच्या दिवसांतच मोढ वाण्यांची जात जमली, तरुणास बोलावून जाब विचारला, व अखेर त्यास वाळींत टाकून, जो त्यास मदत करील किंवा धक्क्यावर पोंचवावयास जाईल त्यास सव्वा रुपया दंड ठरविला. प्रवासाचे पैसे ज्या नातलगापाशीं ठेविले होते, त्यानें ते देण्याचें नाकारलें. दुसऱ्या स्नेह्यानें उसने दिले, तेव्हां ४ सप्टेंबरास बोट गांठतां आली. जातीचें ठाणें ज्या शहरांत मोठें, त्या शहरांत रेंगाळणें किती महाग पडे, याचें याहून स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

याच्या उलट आनंदीबाई जोशी यांची गोष्ट. त्यांनीं मुंबईचा रस्ताच घेतला नाहीं. गोपाळराव टपालखात्याच्या नोकरींत बंगाल्यांत श्रीरामपुरास होते. तेथूनच निघून ७ एप्रिल १८८३ रोजीं त्या कलकत्त्याहून बोटीवर चढल्या. टीका तेथेंहि झाली, आणि श्रीरामपूरच्या कॉलेजांत भाषण करून त्यांनीं तिला उत्तर दिलें. परंतु बिऱ्हाड स्वतःचें होतें, उतरण्याच्या जागेसाठीं कोणाच्या दाराशीं जावें लागलें नाहीं.

हाजींचा मुक्काम या सर्वांहून निराळा. चांद्या-नागपुराकडील यात्रेकरूस मुंबई हेंच बंदर. बोट केव्हां सुटेल याचा भरंवसा नसे. पुरेसे उतारू जमेपर्यंत ती खोळंबे. स्टेशनावर दलाल गांठीत, तेच उतरावयाची जागा दाखवीत आणि तेच तिकीटहि मिळवून देत. कोणता दलाल भेटला यावर यात्रेकरूची शिदोरी पुरेल कीं बंदरांतच सरेल, हें ठरे. हा गोंधळ आंवरण्याकरितां सरकारनें १८८६ मध्यें टॉमस कुक कंपनीस मक्ता दिला. तो १८९३ पर्यंत चालला. १८९६ त मुंबईस प्लेग आला आणि १८९७ त येथून हजयात्रा बंद करावी लागली. मुसाफिरखाने ही या अनिश्चिततेस समाजानें शोधलेली तोड होय: भाड्याची धास्ती नाहीं, आणि सोबतीस त्याच वाटेचे लोक. मुंबईहून जिद्देस जाणाऱ्या बोटी १९९५ पर्यंत चालल्या. सिरोंचास जो मनुष्य पाण्याची वाट पाहता, तोच मुंबईस माणसांची वाट पाहत बसला, असें म्हटल्यास चालेल.

या इतिहासाचें साधन दफ्तरांच्या रुमालांत थोडेंच बांधलेलें असतें. धर्मशाळांच्या नोंदवह्या, खाणावळींचीं खातीं, मुसाफिरखान्यांचे जमाखर्च, जंगलखात्याच्या तराफ्यांच्या याद्या, यांकडे संग्राहकांनीं लक्ष द्यावें. त्याहून सोपी गोष्ट पाकिटांची. घरून मुंबईस पाठविलेल्या पत्राचा मजकूर लोक जपून ठेवितात आणि पाकीट फाडून टाकितात. परंतु प्रवासी कोणाच्या बिऱ्हाडीं, कोणत्या गल्लींत, कोणाच्या मार्फत उतरला होता, तें त्या पाकिटावरच लिहिलेलें असतें, आणि टपालाच्या छापावरून त्याचा दिवसहि लागतो. चांदा, वरोरा, अहेरी व सिरोंचा येथील घराण्यांपाशीं अशीं पाकिटें असतील, त्यांनीं तीं पत्रांपासून वेगळीं करूं नयेत.