राजापूर : पक्ष बदलले, मतदार ठाम राहिले

१/ कुणकेश्वरचे किनाऱ्यावरील शिवमंदिर ज्या देवगड तालुक्यात आहे, तो पूर्वी राजापूर लोकसभा मतदारसंघात मोडत असे. देशभर काँग्रेसचा दबदबा असताना १९५७, १९६२ आणि १९६७ मध्ये येथून प्रजासमाजवादी पक्षाचे बॅ. नाथ पै विजयी झाले.

२/ जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले. त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या लाटेतही मतदारांनी त्याच पक्षाच्या प्रा. मधु दंडवते यांना निवडले.

३/ पुढे दंडवते जनता पक्षात व नंतर जनता दलात गेले. मतदारांनी साथ सोडली नाही. १९८४ ची सहानुभूतीची लाटही येथे अडली. सलग पाच विजय!

४/ १९९१ मध्ये मात्र काँग्रेसचे सुधीर सावंत जिंकले, तर १९९६ मध्ये शिवसेनेचे सुरेश प्रभू. चौतीस वर्षांचा समाजवादी बालेकिल्ला ढासळला.

५/ ज्या कोकण रेल्वेचा दंडवत्यांनी आयुष्यभर ध्यास घेतला, ती १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर धावू लागली, तेव्हा ते येथील खासदार नव्हते.

६/ २००९ पासून मतदारसंघाचे नाव रत्नागिरी-सिंधुदुर्ग. तेव्हापासून काँग्रेस, शिवसेना व २०२४ मध्ये भाजप, असे तीन पक्ष येथे विजयी झाले. माणूस पाहून मत देण्याची ती जुनी रीत मात्र राजापूरच्या नावाबरोबरच इतिहासजमा झाली काय?