मराठी संकेतस्थळांची जडणघडण : लिपी-संकेतनाचा इतिहास व विकसकांचे व्यावहारिक अनुभव (खडकी परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

पुणे शहरातील खडकी हा भाग इतिहासाच्या अभ्यासकांना ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईमुळे परिचित आहे. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील या लढाईनंतर पुणे इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे येथे लष्करी छावणी वसली व १८६९ मध्ये दारूगोळा कारखाना, म्हणजेच ‘ॲम्युनिशन फॅक्टरी’, स्थापन झाला. इंग्रजी दफ्तरांत गावाचे नाव ‘किरकी’ असे रूढ झाले आणि येथील युद्ध दफनभूमीच्या नावात ते आजही टिकून आहे.

खडकीला लागून असलेल्या गणेशखिंड परिसराला आणखी एक इतिहास आहे, तो संगणकावरील देवनागरीचा. १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली व पुणे विद्यापीठाच्या आवारातून तिचे कार्य चालू झाले. तरीही मराठी संकेतस्थळे तयार करणाऱ्या विकसकांना पुढील दीड दशक आपल्या लिपीसाठी झगडावे लागले. असे का घडले, याचा ऊहापोह प्रस्तुत निबंधात केला आहे. विवेचनासाठी ‘किरकी’, ‘कार्यालय’, ‘तिसऱ्या’ व ‘ॲम्युनिशन’ हे चार शब्द उदाहरणादाखल घेतले आहेत.

उद्दिष्टे

१) मराठी संकेतस्थळांच्या प्रारंभकाळातील लिपीविषयक अडचणींची कारणे शोधणे.
२) युनिकोडकडे झालेल्या स्थित्यंतरात विकसकांना आलेल्या व्यावहारिक अनुभवांचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) या इतिहासाचा शैक्षणिक संस्थांच्या दस्तऐवजांशी असलेला संबंध तपासणे.

१. प्रमाण होते, पण जाळ्यावर नव्हते

आयआयटी कानपूर येथे आकारास आलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान सी-डॅकमध्ये विकसित व प्रसारित झाले. भारतीय लिप्यांसाठीच्या ‘इस्की’ या संकेतनाला भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये मान्यता दिली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर आधारलेली होती. दोन्हींचे तत्त्व एकच होते : अक्षर कसे दिसते हे नव्हे, तर ते कोणते आहे हे साठवावे. दिसण्याचे काम संगणकाने करावे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. १९९६ च्या गणेशचतुर्थीला ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू झाले. परंतु त्या काळातील न्याहाळकांना, म्हणजे ब्राउझरना, जोडाक्षरे घडविण्याची व वेलांटी योग्य जागी बसविण्याची क्षमता नव्हती. त्यामुळे प्रमाण संकेतन उपलब्ध असूनही ते जाळ्यावर वापरता येत नव्हते. विकसकांनी यावर जो मार्ग काढला तो रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या फॉन्टचा. पडद्यावर मराठी दिसे. पृष्ठात मात्र रोमन चिन्हेच साठविलेली असत.

वाचकाच्या संगणकावर तोच फॉन्ट नसल्यास पृष्ठ निरर्थक दिसे. म्हणून बहुतेक संकेतस्थळांवर ‘फॉन्ट उतरवून घ्या’ अशी सूचना असे. १९९७ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर व नेटस्केप यांच्या चौथ्या आवृत्त्यांनी पृष्ठाबरोबर फॉन्ट पाठविण्याची सोय केली. मात्र दोघांच्या पद्धती भिन्न होत्या, त्यामुळे एकच मजकूर दोन्हींकडे नीट दिसावा यासाठी विकसकाला दुहेरी काम करावे लागे. प्रत्येक फॉन्टची चिन्हयोजनाही वेगळी असल्याने एका संस्थेचा मजकूर दुसऱ्या संस्थेच्या फॉन्टमध्ये वाचता येत नसे.

२. रूपांतराचे काम : ‘किरकी’ आणि ‘कार्यालय’

विंडोज २००० या प्रणालीत देवनागरी युनिकोडची सोय आली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. यानंतर जुन्या संकेतस्थळांचे रूपांतर हे विकसकांचे मोठे काम ठरले. वरवर पाहता एका चिन्हाच्या जागी दुसरे चिन्ह घालणे एवढेच ते वाटते. प्रत्यक्षात ते तितके सरळ नव्हते.

‘किरकी’ या शब्दात पहिली वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, पण उच्चारात ती नंतर येते. जुन्या फॉन्टमध्ये दिसण्याचा क्रम साठविला जाई, तर युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम साठविला जातो. ‘कार्यालय’ या शब्दात याच्या उलट घडते. रफार ‘या’वर दिसतो, म्हणून जुन्या मजकुरात तो नंतर असे, युनिकोडमध्ये ‘र’ आधी येतो. त्यामुळे तक्त्यानुसार चिन्हे बदलल्यानंतर त्यांचा क्रमही अक्षरगटाच्या सीमा ओळखून बदलावा लागे.

मराठी मजकुरातील इंग्रजी शब्द ही आणखी एक अडचण होती. साठवण रोमन चिन्हांतच असल्याने इंग्रजी शब्द कोणता व मराठी कोणता हे केवळ फॉन्टच्या नोंदीवरून कळे. ती नोंद हरवलेली असल्यास इंग्रजी शब्दांचेही निरर्थक देवनागरी होई. अशा ठिकाणी माणसानेच वाचून दुरुस्ती करणे भाग पडे.

पडद्यावरील बिघाड वेगवेगळे असत व त्यांवरून अनुभवी विकसक कारण ओळखत असे. रिकामे चौकोन दिसल्यास फॉन्ट नाही, पण मजकूर सुरक्षित आहे. विचित्र रोमन चिन्हे दिसल्यास संकेतनाची नोंद चुकली आहे किंवा जुना फॉन्ट उपलब्ध नाही. मजकूर बहुधा परत मिळविता येतो. परंतु साठवणीतच प्रश्नचिन्हे उमटली असल्यास मूळ अक्षरे नष्ट झालेली असतात. देवनागरी न जाणणाऱ्या संकेतनात मजकूर साठविल्याचा हा परिणाम होय. मायएसक्यूएल या बहुप्रचलित माहितीसंचात युनिकोडची सोय ४.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २००४ च्या सुमारास आली, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

३. सुधारणेचा दुसरा टप्पा : ‘तिसऱ्या’ आणि ‘ॲम्युनिशन’

युनिकोड स्वीकारल्यावरही प्रश्न संपले नाहीत. ‘तिसऱ्या’ या शब्दातील अर्धा ‘र’ मराठीत विशेष महत्त्वाचा आहे. तो दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा नेहमीच्या ‘र’ला हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. वाचकाला दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द असतात. अदृश्य चिन्ह गाळले गेल्यास अर्ध्या ‘र’चा रफार होतो आणि शब्दच बिघडतो.

‘ॲम्युनिशन’मधील ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ मध्ये मिळाले. तोपर्यंत कोणी ‘अ’वर चंद्र देत, तर कोणी हिंदी वळणाचा ‘ऍ’ वापरत. परिणामी एकाच कारखान्याचे नाव तीन प्रकारे साठविले गेले व एका रूपाने शोध घेणाऱ्यास इतर दोन रूपांतील नोंदी सापडेनाशा झाल्या. युनिकोडच्या प्रमाणीकरण-नियमांनी ही रूपे आपोआप एक होत नाहीत. त्यामुळे शोधापूर्वी सर्व रूपे एका रूपात आणण्याची तजवीज विकसकालाच करावी लागते. ‘खडकी’ व ‘किरकी’ ही तर निराळीच नावे. त्यांची सांगड घालण्यास तांत्रिक कौशल्याबरोबर स्थानिक इतिहासाची माहितीही लागते.

मांडणीच्या बाबतीतही इंग्रजीचे निकष पुरेसे ठरले नाहीत. ओळींमधील अंतर इंग्रजीप्रमाणे ठेवल्यास मात्रा, रफार व उकार कापले जातात. ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून वेगळी असली तरी संकेतन एकच आहे. म्हणून पृष्ठाची भाषा मराठी असल्याची नोंद आणि ती ओळखणारा फॉन्ट अशा दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात.

४. दिसणे आणि वाचता येणे

शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना २००९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. १६ फेब्रुवारी २०२१ रोजी देशातील तत्कालीन ६२ छावणी मंडळांच्या नागरी सेवांसाठी ‘ई-छावणी’ हे संकेतस्थळ सुरू झाले. खडकी त्यांपैकीच एक होय. परंतु सेवा जाळ्यावर आणणे व मजकूर वाचता येण्याजोगा करणे या भिन्न गोष्टी आहेत. कोणतीही सूचना केवळ छायाप्रत म्हणून चढविल्यास ती पडद्यावर दिसते. मात्र तिच्यातील शब्द शोधता येत नाहीत व दृष्टिहीन नागरिकाचे वाचनयंत्रही ती वाचू शकत नाही. जुन्या फॉन्टच्या काळातील उणीव येथे नव्या रूपात परत येते.

निष्कर्ष

१) प्रारंभीच्या मराठी संकेतस्थळांनी अक्षरांचे रूप जपले, अक्षर जपले नाही. याचे कारण प्रमाणाचा अभाव हे नसून त्या प्रमाणाला न्याहाळकांचा आधार नव्हता, हे होय.
२) युनिकोडमधील रूपांतर ही केवळ तांत्रिक सुधारणा नव्हती. मराठी मजकूर शोधण्याजोगा, उद्धृत करण्याजोगा व जतन करण्याजोगा त्यामुळेच झाला.
३) मराठी लेखनातील बारकावे जाणल्याशिवाय मराठी संकेतस्थळाची सुधारणा पूर्ण होत नाही. विकसक व भाषा-इतिहासाचे अभ्यासक यांचे सहकार्य म्हणूनच आवश्यक आहे.
४) महाविद्यालयांची वार्षिके, शोधनियतकालिके व प्रबंध यांतील बराच मजकूर जुन्या फॉन्टमध्ये साठविलेला आहे. ते फॉन्ट व त्यांच्या चिन्हयोजना उपलब्ध असेपर्यंतच त्याचे विश्वसनीय रूपांतर सुलभ आहे. मूळ धारिका, फॉन्ट व रूपांतरित मजकूर ही तिन्ही एकत्र जतन करण्याचे काम ग्रंथालयांनी व विभागांनी विनाविलंब हाती घेणे अगत्याचे आहे. अन्यथा दोन शतकांपूर्वीच्या लढाईचे मोडी कागद वाचता येतील, पण वीस वर्षांपूर्वी त्याच लढाईवर लिहिलेला शोधनिबंध वाचता येणार नाही.