प्रेमा गोपालन : तंत्रज्ञान आणि ग्रामीण महिला यांच्यातील दुवा

एखादी मोठी कंपनी नवे तंत्रज्ञान घेऊन खेड्यात येते, तेव्हा गावातल्या बाईची तिच्याशी ओळख बहुधा गिऱ्हाईक म्हणूनच होते. वस्तू कशी असावी, तिची किंमत काय असावी, ती बिघडल्यास दुरुस्त कोणी करावी, हे ठरवताना तिला कोणी विचारत नाही. ही रीत मोडून कंपनी, सरकारी यंत्रणा आणि गावातल्या महिला यांना एका टेबलाशी बसविण्याचे काम प्रेमा गोपालन यांनी सुमारे तीन दशके केले. त्यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेचा पाया लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत घातला गेला. पुढे नांदेड, सोलापूर आणि वाशिमपर्यंत तिचे काम पोहोचले.

मुंबईत १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'स्पार्क' या संस्थेच्या संस्थापक गटात गोपालन होत्या. भायखळ्याच्या पदपथांवर संसार मांडलेल्या महिलांना संघटित करणे, त्यांची बचत उभी करणे आणि महापालिकेशी त्यांना स्वतःला बोलते करणे, ही त्या कामाची पद्धत होती. महिलांच्या वतीने बोलायचे नाही, त्यांनाच बोलायला लावायचे, हा धडा मराठवाड्यात उपयोगी पडला.

माळवदाची घरे आणि संवाद सहायक

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे तीन वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसराला भूकंपाचा धक्का बसला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक झोपी गेले होते. रिश्टर मापनावर ६.२ ते ६.४ अशी नोंद झालेला हा भूकंप जगाच्या मानाने फार मोठा नव्हता, तरीही आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे दगावली. त्याचे कारण घरांच्या बांधणीत होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवर लाकडी तुळयांच्या आधाराने तोललेले मातीचे जड माळवद, अशी ही घरे होती. उन्हाळ्यात गारवा देणारे हेच माळवद त्या पहाटे अंगावर आले.

जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य सरकारने हाती घेतलेल्या पुनर्वसन कार्यक्रमाचे दोन मुख्य भाग होते. पहिल्यात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. दुसरा भाग कमी चर्चेत राहिला, पण त्याची व्याप्ती अधिक होती. धक्क्याने तडे गेलेल्या सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनी स्वतः करून घ्यायचे होते. अनुदान हप्त्याहप्त्याने मिळणार होते. भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसविणे, माळवदावरची माती कमी करणे, भिंतींना आडवे पट्टे देणे या तंत्राची माहिती अभियंत्यांकडे होती. ती हजारो गावांतील घराघरांत नेणार कोण, हा प्रश्न होता.

गोपालन यांनी त्यासाठी गावातल्या महिला मंडळांचा मार्ग सुचविला. बहुतेक मंडळे तेव्हा कागदावरच होती. त्यांतून एकेका महिलेची 'संवाद सहायक' म्हणून निवड झाली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजाराहून अधिक गावांत या महिलांनी तंत्राची माहिती घरोघरी पोहोचविली, अनुदानाचे नियम समजावले आणि गवंड्याच्या कामावर नजर ठेवली. घराचा उंबरठा ओलांडायला एरवी कारण द्यावे लागणाऱ्या बाईला आता अभियंत्याशी आणि तहसील कचेरीशी बोलण्याचे अधिकृत निमित्त मिळाले. १९९८ मध्ये स्वयं शिक्षण प्रयोग ही स्वतंत्र संस्था म्हणून नोंदली गेली. त्याच महिलांचे बचत गट आणि गटांचे महासंघ पुढे उभे राहिले. २००१ मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूरच्या अनुभवी महिला तेथील महिलांना आपला अनुभव सांगायला गेल्या.

'ऊर्जा' चुलीचा करार

उद्योगजगताशी खरा संबंध आला तो चुलीच्या निमित्ताने. मराठवाड्यातील स्वयंपाकघरांत तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या जळत. धुराने डोळे आणि फुप्फुसे यांची हानी होई. गॅस सिलिंडर मिळणे आणि परवडणे, दोन्ही कठीण होते. व्यवस्थापनतज्ज्ञ सी. के. प्रल्हाद यांनी २००४ मध्ये अल्प उत्पन्न गटांच्या बाजारपेठेविषयीचे आपले विचार पुस्तकरूपाने मांडले, त्या काळात बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने भारतातील खेड्यांसाठी इंधनाचा पर्याय शोधायला घेतला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे तंत्रज्ञान, कंपनीचे भांडवल आणि स्वयंसेवी संस्थांचे गावपातळीवरील जाळे अशी ही तिपेडी जुळणी होती. महाराष्ट्रात ही जबाबदारी स्वयं शिक्षण प्रयोगने घेतली.

२००६ मध्ये बाजारात आलेल्या 'ऊर्जा' चुलीत शेतातील काडीकचरा दाबून केलेल्या गोळ्या जळत. तळाशी बॅटरीवर चालणारा लहान पंखा असे. त्याच्या हवेने ज्वलन पूर्ण होई आणि धूर अत्यल्प निघे. पंख्याचा वेग बदलून आच कमी-अधिक करता येई. मर्यादाही होत्या. गोळ्या आधीच भरून ठेवाव्या लागत आणि स्वयंपाक चालू असताना मध्येच भर घालणे सोयीचे नव्हते.

गोपालन यांची भूमिका येथे निर्णायक ठरली. महिलांनी केवळ चूल विकायची आणि कमिशन घ्यायचे, एवढ्यावर त्यांनी समाधान मानले नाही. चुलीच्या चाचण्यांत महिलांचे मत घेतले जावे, वितरणाच्या साखळीत त्यांच्या संस्थेचा वाटा असावा, असा त्यांचा आग्रह होता. गावातली महिला विक्रेती चूल पेटवून दाखवी, गोळ्यांचा साठा घरी ठेवी आणि तक्रारही ऐकून घेई. चार राज्यांत मिळून या चुलींची विक्री काही वर्षांत चार लाखांच्या घरात गेली.

कंपनी गेल्यानंतर

या भागीदारीची कसोटी लागली ती २००९ मध्ये. बीपी या व्यवसायातून बाहेर पडली आणि तो पुण्याच्या फर्स्ट एनर्जी या कंपनीकडे आला. त्याच सुमारास शेतातील काडीकचऱ्याला इतर उद्योगांकडून मागणी वाढू लागली. साहजिकच गोळ्या महागल्या. शेतातल्या फुकटच्या सरपणाशी त्यांची स्पर्धा होती. अनेक घरांत 'ऊर्जा' चूल माळ्यावर गेली. नव्या कंपनीने हॉटेले आणि मोठ्या स्वयंपाकगृहांकडे मोर्चा वळविला.

विक्रेत्या महिलांना याची झळ बसली. ज्या शेजारणीला चूल घ्यायला लावली, तिला आता गोळ्या का मिळत नाहीत, हे सांगण्याची वेळ त्यांच्यावर आली. कंपनीचा निर्णय दूरच्या कार्यालयात झाला. त्याचा जाब मात्र गावातल्या बाईला द्यावा लागला. एका कंपनीच्या एकाच वस्तूवर उभ्या असलेल्या व्यवसायाचा हा धोका होता. पुढच्या कामाची दिशा त्यातून स्पष्ट झाली. सौर दिवे, सुधारित चुली आणि गावात खपणाऱ्या इतर गरजेच्या वस्तू एकाच महिलेमार्फत विकल्या जाऊ लागल्या. पुरवठादार अनेक झाले. भांडवलासाठी 'सखी समुदाय कोष'सारखी व्यवस्था उभी राहिली. जाळे महिलांचे आणि कंपन्या त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या, असा क्रम लागला.

'यूएसएड' या अमेरिकी संस्थेच्या साहाय्याने महाराष्ट्र आणि बिहारमध्ये राबविलेल्या कार्यक्रमात एक हजाराहून अधिक महिलांना स्वच्छ ऊर्जेच्या व्यवसायाचे प्रशिक्षण मिळाले. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक यंत्रणेचा 'मोमेंटम फॉर चेंज' पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी पंतप्रधान उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसजोडण्या मोठ्या प्रमाणावर खेड्यांत पोहोचल्या. चुलीचे गणित पुन्हा बदलले.

एक एकराचा हक्क

२०१६ हेच वर्ष लातूरच्या टंचाईसाठीही लक्षात राहिले. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. त्याआधीच्या सलग दुष्काळात महिलांच्या या जाळ्याने शेतीकडे लक्ष वळविले होते. कुटुंबाच्या जमिनीपैकी सुमारे एक एकर महिलेच्या निर्णयाखाली यावे, त्यात ऊस वा केवळ सोयाबीन न घेता कडधान्ये, तृणधान्ये आणि भाजीपाला कमी पाण्यावर घ्यावा, अशी ही पद्धत. सातबारावर नाव नसलेल्या बाईला पिकाचा निर्णय घेऊ देणे घरातल्या पुरुषांना सहज रुचणारे नव्हते. घरात खाण्यापुरते धान्य आले आणि उरलेले विकता आले, हे दिसल्यावर विरोध ओसरतो, हा अनुभव होता. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे 'इक्वेटर पारितोषिक' संस्थेला २०१७ मध्ये मिळाले. २०१८ मध्ये गोपालन यांना 'सोशल आंत्रप्रनर ऑफ द इयर - इंडिया' हा सन्मान लाभला.

मार्च २०२२ मध्ये प्रेमा गोपालन यांचे निधन झाले. करार करणाऱ्या अनेक कंपन्या, देणगीदार आणि योजना त्यांच्या हयातीतच बदलल्या. दर वेळी नव्या भागीदाराला गावात शिरण्यासाठी वाट मिळाली ती महिलांच्या जाळ्यातून. माळवदावरची माती किती उतरवायची हे किल्लारीच्या भूकंपानंतर शेजारच्या घरी जाऊन सांगणाऱ्या बाईवर गावाने जो विश्वास टाकला, तोच या सगळ्या करारांमागचे खरे भांडवल ठरला.