स्वातंत्र्य, मोकळीक आणि मुक्ती

इंग्रजी शिकणारी मुले आम्हांस पुष्कळदा विचारतात की, 'इंडिपेंडन्स', 'फ्रीडम', 'लिबर्टी' आणि 'लिबरेशन' या शब्दांत भेद तो कोणता? शब्दकोश पाहावा, तर पहिल्या तिहींपुढे 'स्वातंत्र्य' हाच शब्द आढळतो. आमच्या मते याचे उत्तर परभणी जिल्ह्याच्या इतिहासात अधिक स्पष्ट सापडते.

प्रथम शब्दांचे कूळ पाहू. 'फ्रीडम' हा मूळचा इंग्रजी शब्द. 'लिबर्टी' लॅटिन कुळातला, फ्रेंचमधून आलेला. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, दरबारात फ्रेंच रूढ झाली आणि अनेक गोष्टींना दोन-दोन नावे मिळाली. फारसीच्या सहवासाने मराठीतही 'विनंती'शेजारी 'अर्ज' असाच येऊन बसला. अर्थ जवळचे, पण जागा निराळ्या : विनंती आपण देवाला करतो, अर्ज कचेरीत देतो.

परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. जून १९४७ मध्ये निजाम मीर उस्मान अली खान यांनी, ब्रिटिश सत्ता गेल्यावर आपले राज्य स्वतंत्र राहील, असे जाहीर केले. त्यांना हवे होते ते 'इंडिपेंडन्स', म्हणजे राज्याने दुसऱ्या सत्तेच्या अधीन नसणे. परंतु त्याच राज्यात हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ पासून १९४६ पर्यंत बंदी होती. राज्यकर्त्याच्या लहरीपासून कायद्याने राखलेली मोकळीक, म्हणजे 'लिबर्टी', प्रजेला नव्हती. राज्य स्वतंत्र असूनही प्रजा परतंत्र असू शकते. स्वामी रामानंद तीर्थांचा लढा या भेदासाठीच होता.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा राज्यात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. रझाकारांच्या जुलमातून झालेली ही सुटका म्हणजे 'लिबरेशन', बंधन तोडण्याची क्रिया. मराठवाड्याने त्या दिवसाला 'मुक्तिसंग्राम दिन' म्हटले. शब्द अचूक निवडला.

तथापि बंधन तुटले म्हणजे सर्वांस मोकळीक मिळाली, असे होत नाही. त्या दिवसांत हैदराबाद राज्यात सुमारे २७ ते ४० हजार माणसे प्राणास मुकली, असा सुंदरलाल समितीचा अंदाज होता. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते.

म्हणूनच २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेले संविधान महत्त्वाचे. त्याच्या इंग्रजी संहितेत कलम १९ मधील बोलण्याच्या, एकत्र जमण्याच्या हक्कांना 'फ्रीडम' म्हटले आहे. कलम २१ मध्ये, कायद्याने घालून दिलेल्या रीतीवाचून कोणाचीही हिरावता येणार नाही, ती 'लिबर्टी'. कलम २५ सदसद्विवेकाचे आणि धर्माचरणाचे 'फ्रीडम' सर्वांना सारखेच देते.

मुलांना आम्ही एवढेच सांगतो : 'इंडिपेंडन्स' राज्याचे, 'लिबरेशन' एका दिवसाचे, 'फ्रीडम' आणि 'लिबर्टी' मात्र आपल्याइतकीच शेजाऱ्याचीही, आणि ती रोज राखावी लागतात.